‘तो तर व्हिलन होता’

सांगली जिल्ह्यातील एका आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि पाचवीत शिकतो. मे महिन्याच्या सुट्टीत दीर, जाऊ आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा राहायला आले होते. एका दुपारी दोन्ही मुलांनी मोबाइलवर मारधाडीचा एक सिनेमा पाहिला. त्यावर ‘यूए १६+’ असे लिहिलेले होते. त्यानंतर अंगणात खेळताना थोरल्याने धाकट्याला खाली पाडले, त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि हात पिरगाळून धरला. धाकटा रडत होता, तरी याने सोडले नाही. आई धावत बाहेर आली तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, “अगं, तो तर व्हिलन होता.” आईने त्याला तिथेच दोन धपाटे घातले. वडील ओट्यावर उभे राहून हा प्रकार मोबाइलवर टिपत होते. संध्याकाळी त्यांनी त्या चित्रफितीला एका नायकाच्या ‘एन्ट्री’चे संगीत जोडले आणि ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. रात्रीपर्यंत तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

या ताई लिहितात, “मी विषय काढला की यजमान म्हणतात, आम्हीसुद्धा मारामारीचे सिनेमे बघूनच मोठे झालो, आमचं काय बिघडलं? सासूबाई म्हणतात, मुलगे असेच असतात. त्यांच्या मालिका सात ते साडेनऊ चालू असतात आणि आमची जेवणं त्यांच्यासमोरच होतात. पण त्या निदान कौटुंबिक तरी असतात. या सिनेमांनी माझ्या मुलाला बिघडवलं आहे का? इंटरनेट बंदच करून टाकावं असं वाटतं. की मी उगाच बाऊ करते आहे?”

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे तुमच्या मनावरचा भार थोडा हलका होईल. तुम्ही बाऊ करत नाही आहात. समोरचे मूल रडत असताना हात न सोडणे ही काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे आणि घरातल्या बाकी सर्वांना जे खटकले नाही ते तुम्हाला खटकले, याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

मात्र तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचताना मला त्यात एक गोष्ट सापडली नाही. त्या सात वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले? त्याच्या मनगटाला सूज आली होती का, रात्री तो नीट जेवला का, जाऊबाई काय म्हणाल्या, आपल्या रडण्यावर सगळे नातेवाईक हसत आहेत हे त्याने मोबाइलवर पाहिले का, यातले काहीच पत्रात नाही. तुम्ही मनाच्या कठोर आहात म्हणून ते राहिले असे मी मुळीच म्हणत नाही. तुमचे सगळे लक्ष स्वतःच्या मुलाकडे लागले होते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु लोकप्रिय मनोरंजन आपल्याला रोज जी सवय लावते ती नेमकी हीच आहे. मारणारा काय करतो, कसा दिसतो, त्याचे पुढे काय होते, याकडे आपण पाहत राहतो आणि मार खाणारा एकदा पडद्याच्या कडेला जाऊन कोसळला की आपल्यापुरता तो संपतो. नायकाने वीस गुंड लोळवल्यानंतर त्यांतला एखादा उठून दवाखान्यात गेला, त्याचा मोडलेला हात पुन्हा जुळला की नाही, घरी त्याची वाट कोण पाहत होते, हे आपण शेवटचे कधी पाहिले? माझ्या मते हिंसा अंगवळणी पडण्याची सुरुवात इथे होते. रक्त किती सांडले यापेक्षा, ज्याचे सांडले त्याच्याकडे पाहायचे आपण सोडून दिले, हे जास्त गंभीर आहे.

आता तुमच्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. ‘तो तर व्हिलन होता’ या चार शब्दांत राग नाही की मस्ती नाही. हे निकालपत्र आहे. एखाद्याला व्हिलन ठरवले की त्याला मारणे चूक ठरत नाही आणि त्याचे रडणे मोजायचे नसते, असा तो निकाल आहे. हे त्या दुपारच्या सिनेमाने एकट्याने शिकवले असेल, असे मला वाटत नाही. तुम्ही ज्यांना ‘निदान कौटुंबिक’ म्हणता त्या मालिकांतला एखादा प्रसंग आठवून पाहा. सासू सुनेच्या किंवा सून नणंदेच्या थोबाडीत मारते. मग तीच थप्पड तीन वेळा, तीन बाजूंनी, विजेच्या कडकडाटासह दाखवली जाते. कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून फिरतो. जिला लागली ती गालावर हात ठेवून जाहिराती संपेपर्यंत तशीच उभी असते. थप्पड खाणारी जर मालिकेतली खाष्ट बाई असेल, तर आपल्याकडे ताटात भाकरी वाढता वाढता कुणीतरी हमखास म्हणते, “बरं झालं, हिला असंच पाहिजे होतं.” तुमच्या घरीही असे म्हटले जाते की नाही, हे मला ठाऊक नाही, पण म्हटले जात असेल, तर दहा वर्षांच्या मुलाने ते ऐकले आहे, आणि अंगणात त्याने त्याच वाक्याचे भाषांतर केले आहे.

हे मी जरा जोर देऊन लिहिते, त्याला कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-पुरुषांना विचारले गेले होते की, नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य आहे. न सांगता बाहेर जाणे, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणे, उलट बोलणे, शरीरसंबंधास नकार देणे, स्वयंपाक नीट न करणे, नवऱ्याला तिच्या वागण्याचा संशय येणे आणि सासू-सासऱ्यांचा मान न राखणे, अशी सात कारणे त्यांच्यापुढे ठेवली होती. यांपैकी निदान एका कारणासाठी मारणे योग्य आहे, असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. हे सारे टीव्हीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. मालिका येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत हे चालत आले आहे. पण ती सात कारणे म्हणजे एखादी बाई कशाकशाने व्हिलन ठरते याची यादीच आहे, आणि आपले संध्याकाळचे मनोरंजन त्या यादीला हात लावत नाही, उलट रोज तिची उजळणी करते.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. ‘आमचे काय बिघडले’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि संशोधनही त्यांच्या बाजूने काही सांगते. २०१९ साली ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधील चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींची माहिती तपासली, तेव्हा हिंसक व्हिडिओ गेम खेळणे आणि आक्रमक वागणे यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. प्रत्यक्ष गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, असे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा सिनेमा पाहिला की मुलगा गुंड होतो, असे सरळ समीकरण कुणी तुमच्यापुढे मांडले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

याला दुसरी बाजूही आहे. शिकागो परिसरातील सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा १९७७ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास पंधरा वर्षांनंतर तीच मुले मोठी झाल्यावर पुन्हा केला गेला. लहानपणी ज्यांनी टीव्हीवर अधिक हिंसा पाहिली होती, त्यांच्यात मोठेपणी आक्रमकता अधिक दिसली. जी मुले पडद्यावरच्या मारकुट्या पात्राशी स्वतःला जोडून घेत आणि ते सारे खरेच असते असे मानत, त्यांच्या बाबतीत हा संबंध अधिक ठळक होता. आता त्या चित्रफितीला जोडलेल्या नायकाच्या संगीताचा विचार करा. मुलाने केवळ नक्कल केली होती. ‘तूच तो नायक’ हे त्याला बाबांनी सांगितले.

आणखी एक प्रयोग मला तुमच्या घराच्या फार जवळचा वाटतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांसमोर मोठ्या माणसाला एक हवा भरलेला बाहुला बडवायला लावले आणि मुलांनी तसेच बडवले, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्याने १९६५ मध्ये केलेला पुढचा प्रयोग त्याहून महत्त्वाचा आहे. या वेळी मुलांना दाखवलेल्या चित्रफितीचे तीन शेवट होते. एकात बडवणाऱ्याला बक्षीस मिळाले, दुसऱ्यात त्याला शिक्षा झाली आणि तिसऱ्यात कुणी काहीच म्हटले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण जिथे कुणी काहीच म्हटले नाही, तिथली मुले बक्षीस पाहिलेल्या मुलांइतकीच मारकुटी वागली. मोठ्यांचे गप्प राहणे मुलांच्या लेखी परवानगीसारखे ठरले. बाहुला बडवण्यासाठीच असतो, मग त्यात नवल काय, असा आक्षेप या प्रयोगांवर घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही अंगणातल्या प्रसंगात तुमच्या घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाने काय केले, हे आठवताना हा तिसरा शेवट लक्षात असू द्या.

इथे तुमच्या दोन धपाट्यांविषयी बोलणे मला भाग आहे. रागावू नका, धाकटा रडत होता, तुम्ही घाबरला होता, आणि त्या क्षणी हात उठणे किती सोपे असते हे मी जाणते. पण मुलाच्या बाजूने पाहा. त्याने व्हिलनला शिक्षा केली, मग आईने त्याला व्हिलन ठरवून शिक्षा केली. नियम तोच राहिला, फक्त जागा बदलल्या. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई आहे. घरातला निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. शक्य झाले तर त्याला एकदा सांगा, “त्या दिवशी मी तुला मारलं, ते चुकलं माझं. मला थांबवायचं होतं, पण मी मारून थांबवलं.” आईने चूक कबूल केल्याने तिचा धाक जात नाही, उलट यानंतर जे काही तुम्ही त्याला सांगाल त्याला वजन येते.

इंटरनेट बंद करण्याविषयी मी साशंक आहे. चार दिवस घर शांत राहील, पाचव्या दिवशी तो शेजाऱ्यांकडे जाऊन पाहील आणि तेव्हा त्याच्या बाजूला तुम्ही नसाल. शिवाय हिंसा दाखवूच नये, असेही माझे मत नाही. नरसिंहाने हिरण्यकश्यपूचे पोट फाडल्याची गोष्ट आपण सगळे आजीच्या मांडीवर ऐकतच वाढलो. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ या नाटकाचे उदाहरण देते. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगमंचावर आणले तेव्हा गर्भपातानंतर एका पात्राच्या साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या डागाला नाटकांच्या परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले जाऊ लागले की, हा निळा डाग लाल समजावा. त्या नाटकात भरपूर क्रौर्य आहे, पण ते पाहून कुणाला शिट्टी वाजवावीशी वाटली नसेल. एक डाग लोकांना अस्वस्थ करील अशी तेव्हा धास्ती होती. आज पडदाभर लाल रंग वाहतो आणि आपला घास हातात थांबत नाही. दाखवणाऱ्याने आपल्याला कुणाच्या बाजूला उभे केले आहे, दुखणाऱ्याच्या की दुखवणाऱ्याच्या, हा प्रश्न मुलाला विचारता आला, तर बंदीची फारशी गरज उरत नाही.

तरीही वयाचे भान हवेच. दोनेक वर्षांपूर्वी मी एका चित्रपटगृहात प्रौढांसाठीचा सिनेमा पाहायला गेले होते. पुढच्या रांगेत आईबाबांच्या मध्ये पाच-सहा वर्षांची एक मुलगी बसली होती. सुरुवातीच्या मारामारीत तिने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. मध्यंतरापर्यंत एक हात खाली आला होता. शेवटच्या, सर्वांत भीषण प्रसंगात ती पॉपकॉर्न खात होती. तिला आत कसे सोडले, हे मी दारावर जाऊन विचारायला हवे होते. मी विचारले नाही, आणि ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

म्हणून नियम माहीत करून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी; तिथे मुलांना प्रवेशच नाही. ‘यूए’मध्ये मात्र कायदा मुलाला अडवत नाही, त्याने पाहावे की नाही हा निर्णय तो पालकांवर सोपवतो. तेव्हा तुमच्या मुलाने पाहिलेल्या सिनेमावर ‘१६+’ लिहिलेले असणे, याचा अर्थ ‘आईबाबांनो, आता तुम्ही ठरवा’ असा होता. ओटीटीवरही २०२१ च्या नियमांनुसार १३+ आणि त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. अर्ध्या तासात ती लावता येते. यजमानांनाच लावायला सांगा. मात्र रील्सवर हे कुलूप चालत नाही. सिनेमाला मिळालेले प्रमाणपत्र त्याच्या तीस सेकंदांच्या तुकड्यासोबत येत नाही आणि त्या तुकड्यात कथेचे मागचे-पुढचे सगळे गळून फक्त मार उरतो. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाच्या हाती रील्स देऊच नयेत, याबाबत मी ठाम आहे. मालिकांतल्या एखाद्या प्रसंगाबद्दल तक्रार करावीशी वाटली, तर वाहिन्यांनी २०११ मध्ये स्थापन केलेल्या ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स काउन्सिलकडे प्रेक्षकांना ती करता येते.

घरात एक प्रयोग करून पाहा आणि त्यात यजमानांना पुढाकार घेऊ द्या, कारण या विषयात मुलाचा विश्वास त्यांच्यावर आहे. मुलाला आवडणारा, त्याच्या वयाला चालेल असा मारामारीचा एखादा प्रसंग दोघांनी मिळून आधी नेहमीसारखा पाहावा आणि मग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा पाहावा. संगीत गेले की त्या प्रसंगातले शौर्य किती उरते, हे मुलाला आपोआप दिसते. तिसऱ्या वेळी फक्त पडणाऱ्या माणसांवर नजर ठेवायची आणि त्यांतल्या एकाला नाव द्यायचे. तो रात्री घरी कसा गेला असेल, ही गोष्ट मुलाने रचायची. फाइट मास्टर काय करतो, डुप्लिकेट कसा उडी मारतो, त्याच्या अंगाला बांधलेली दोरी नंतर संगणकावर कशी पुसतात, हेही बाबांनी त्याला दाखवावे. खरी माणसे हा खोटा मार किती जपून बसवतात, हे मुलांना फार आवडते. सासूबाईंना मालिका बंद करा म्हणू नका, त्यांच्या दिवसातला तो विसावा असेल. जेवणे तेवढी अर्धा तास पुढे-मागे करा.

तुमच्यासारखी पत्रे इतर आईवडिलांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते. एखाद्या प्रसंगावरून घाबरू नये. पण मूल वारंवार लहानांना किंवा मुक्या जनावरांना इजा करत असेल, समोरचा रडला की त्याला मजा येत असेल, किंवा उलट ते स्वतःच रात्री दचकून उठत असेल आणि शाळेत जायला घाबरत असेल, तर समुपदेशकाला भेटा. १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुलाला घरी, शाळेत किंवा शेजारी खरोखरच मारहाण होत असावी अशी शंका आली, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन, आहे. पडद्यावरच्या हिंसेचा विचार करताना प्रत्यक्षातली नजरेआड होऊ नये.

या सगळ्याच्या आधी मात्र दोन कामे करा. ती चित्रफीत ग्रुपवरून यजमानांनीच काढावी आणि ‘तो रडत होता, मी हे टाकायला नको होते’ एवढे एक वाक्य तिथे लिहावे. त्यांना ते जड जाईल. तुम्ही त्यांच्याशी भांडून नाही, तर एकांतात, शांतपणे ती चित्रफीत संगीत बंद करून त्यांना पुन्हा दाखवा. दुसरे, जाऊबाईंना फोन लावा आणि हात बरा आहे का ते विचारा. मग मुलाला फोन द्या. ‘सॉरी म्हण’ असे त्याला मागून सांगू नका. ‘त्या दिवशी तुला फार दुखलं का रे?’ एवढेच त्याने धाकट्याला विचारावे, आणि तिकडून जे उत्तर येईल ते शेवटपर्यंत ऐकावे. गणपतीत दोघे पुन्हा त्याच अंगणात भेटतील, त्याआधी हा फोन झालेला असू द्या.